बांधणीवाल्याचा जबाब

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते.

मी तेव्हा एटापल्लीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. मुलांची नावं आणि जात-जमात नोंदलेली शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं संगणकावर चढवायचं काम गटशिक्षण कार्यालयात सुरू झालं होतं. पानं सुटलेली रजिस्टरं आधी शिवून घेण्यासाठी गावातल्या एका वयस्क मुसलमान बांधणीवाल्याला बोलावलं होतं. त्यातलं एका माडिया आदिवासी गावच्या शाळेचं रजिस्टर गायब झालं. कार्यालयाचे मोठे बाबू तक्रार घेऊन आले. चहा पिताना हळूच म्हणाले, "साहेब, बांधणीवाल्याले विचारा. पिशवी घेऊन जाताना दिसला."

बाबूंचं बोलणं स्वच्छ होतं, कपडेही. मी बांधणीवाल्याला उचलून आणलं. घरझडतीत काही मिळालं नाही, तरी दोन दिवस त्याला रस्त्यावरून दिसेल अशा बाकावर बसवून ठेवलं. स्टेशन डायरीत नोंद केली नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे केलं आणि एकदा कानाखालीही मारली.

तो एकच सांगत राहिला. "साहेब, त्या रजिस्टरात एक पान मागून घातलं होतं. दोरा नवा होता. मी बाबूले सांगतलं, तर तो म्हणे, तू शिवून टाक."

विषय बदलतोय असं समजून मी ते लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझे हवालदार म्हणाले, "साहेब, चाचा दोन दिवसापासून तेच सांगून राह्यले. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला काहीतरी नवीन जोडते. एकदा पाहून घ्या."

रजिस्टर तर नव्हतं. पण संगणकावर काम करणाऱ्या मुलीनं ते चढवलं होतं का, हे मी तोवर विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "हो सर, गायब व्हायच्या आदल्या दिवशीच झालं." तिनं यादी छापून दिली. सगळ्या माडिया नावांमध्ये दोन मुलांचं आडनाव बाबूंचं होतं, जमातीच्या रकान्यात माडिया. ते त्यांचे पुतणे निघाले, आणि बाबू काही माडिया नव्हते. जमातीच्या दाखल्यासाठी हा उद्योग होता. नावं संगणकावर चढली होती; आता मागून घातलेल्या पानासकट रजिस्टर नाहीसं केलं की पुरावा संपला, असं बाबूंना वाटलं होतं. यादी समोर ठेवताच त्यांनी कबूल केलं. रजिस्टर त्यांच्या घरी धानाच्या कोठीत सापडलं. पंचनामा झाला, अटक झाली.

मी बांधणीवाल्याला म्हणालो, "चाचा, तुम्ही जाऊ शकता."

तो उठला नाही. "साहेब, एक कागद लिहून द्या. मी चोर नाई म्हणून. सगळ्या बाजारानं मले इथी बसलेलं पाह्यलं."

"तुम्हाला अटकच नव्हती," मी म्हणालो. "नोंद नाही, मग कागद कशाचा देऊ?"

त्यानं टोपी नीट केली आणि तो निघून गेला. कार्यालयानं त्याला पुन्हा काम दिलं नाही. वर्षभरात दुकान बंद करून तो कोरपन्याला लेकीकडे राहायला गेला.

या तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. पुढच्या नोकरीत ठाण्यात आणलेल्या प्रत्येक माणसाची नोंद मी आधी घेतली आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहिलं. लोक मला नियमाचा पक्का म्हणायचे. ते ऐकताना मला बरं वाटायचं नाही. कोरपना एका दिवसाच्या वाटेवर होतं. मी तो कागद लिहून तिथवर नेऊ शकलो असतो. नेला नाही.