स्कायलॅबला न लावलेलं कुलूप

पालमजवळच्या आमच्या शेतात एक पत्र्याची खोली आहे. तिला आम्ही आखाडा म्हणतो. आई तिथून निघताना कधी कुलूप लावत नाही. नुसती कडी घालते आणि चुलीजवळ मीठ, काडेपेटी, भाकरीपुरतं पीठ ठेवते. मेंढरांमागं फिरणारं कुणी आलं तर उपाशी राहू नये म्हणून. मला याचा लय वैताग यायचा. यंदा मी परभणीहून कुलूपच घेऊन गेलो.

निघायच्या वेळी आई चुलीजवळ ठेवायचं पीठ काढत होती आणि मी मोबाईलवर जुन्या अंतराळस्थानकांविषयी वाचत बसलो होतो. स्कायलॅब या अमेरिकेच्या स्थानकातून शेवटचे तिघं अंतराळवीर परतले, तेव्हा त्यांनी दार लोटलं, पण कुलूपबंद केलं नाही. पुढं येणाऱ्यांसाठी आत खाण्याची, कपड्यांची पिशवीही ठेवली. मी तिला वाचून दाखवलं.

"मंग आलं का कुणी?"

"कुणीच नाही. रिकामंच फिरलं आणि शेवटी पडलं. पिशवी फुकट गेली."

आईनं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"कुणी येणार न्हाई, हे निघताना कुठं म्हाईत असतंय?"

कुलूप माझ्या पिशवीतच राहिलं. कडी मीच घातली.