एस.टी.नं आलेली माती

सकाळची गोळी घेतली की प्राजक्ता अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर जायची. अंजनगाव सुर्जीची गाडी लागायची, कंडक्टर खिडकीतून पिशवी खाली सोडायचा. पिशवीत आईचा डबा. ती आधी झाकणावर तळहात ठेवून बघायची. गरम लागला की आईनं ऐनवेळी धावपळ करून भरला, कोमट लागला की आज तिची धावपळ झाली नाही, एवढं कळायचं. कृषी पदवीची चार वर्षं डबा असाच आला. नंतर नोकरी शोधण्यात दीड वर्ष गेलं, तेव्हाही तो येतच राहिला.

तिला शेतीतलंच काम हवं होतं आणि तशा प्रत्येक जाहिरातीत शेवटी एक ओळ असायची : दुचाकी व लायसन्स आवश्यक. प्राजक्ताला बाराव्या वर्षापासून फिट येते. गोळ्यांमुळे वर्ष-वर्ष काही होत नाही, पण गाडी चालवायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. अकोल्याला एका मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "मग शेतात काय उडत जाणार?"

"सांगतेच कावून तू?" खोलीवरची पिंकी चिडायची. "लायसन्स काढून राहिली म्हन ना!"

"अन् रस्त्यात फिट आली तर? माझ्यासंगं दुसऱ्या कोनाचा जीव जाईन."

पुढच्या अर्जातही तिनं खरं तेच लिहिलं. तो अर्ज बापूसाहेबांकडे गेला. निवृत्त प्राध्यापक, अमरावतीत माती तपासायची छोटी प्रयोगशाळा चालवणारे. त्यांना गावोगावचे नमुने आणणारं माणूस हवं होतं.

"गाडी नाही, तर माती येणार कशी?"

"एस.टी.नं, सर. माझा डबा साडेपाच वर्षं येतोय. एकदा सांडला नाही."

बापूसाहेब हसले. "भाजीचं ठीक आहे. माती लोक बांधावरची मूठभर उचलून देतील."

"कशी घ्यायची ते मी शिकवीन. आठ दिवस द्या."

"दहा शेतांची आण. एक जरी नमुना चुकला, तर विषय संपला."

ती त्याच दुपारी गावी गेली. वडील चंद्रभान वैतागले. "माती कोन धाडते वं गाडीत?"

"पयले तुमीच धाडा, बाबा."

पारावर माणसं जमवून, तिथल्याच मोकळ्या जागेत तिनं वीतभर खड्डा करून दाखवला. कडेची माती कशी खरवडायची, शेतात आठ ठिकाणची कशी मिसळायची, सावलीत कशी वाळवायची, सगळं सांगून ती परतली. मग डब्यासोबत रोज कापडी पिशव्या येऊ लागल्या.

आठव्या दिवशी दहा पिशव्या बापूसाहेबांच्या टेबलावर होत्या. प्राजक्तानं एकेक उघडून ताटात पसरली, बोटांनी चाळली. शेवटच्या ताटावर तिचा हात थांबला. काळ्या मातीत खताचे दोन-तीन करडे दाणे होते.

कुणी पाहिलं नव्हतं. दाणे चिमटीत उचलले असते, तर दहा पुरे होते.

तिनं ते ताट बाजूला सरकवलं. "ही खताच्या पोत्यावर वाळवलेली आहे, सर. आकडे खोटे येतील. नऊच धरा."

"कुणाची?"

"माझ्या वडिलांची."

बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "आधीचा पोरगा मोटरसायकलवर दिवसाला वीस आणायचा. त्यानं स्वतःहून एकही कधी बाद केला नाही." मग जाहिरातीचा कागद ओढून त्यांनी शेवटच्या ओळीवर पेनानं रेघ मारली. "सोमवारी ये."

खाली आल्यावर तिनं घरी फोन लावला. मान ताठ होती, आवाज मात्र रोजचाच.

"लागली का वं?" चंद्रभाननं विचारलं.

"लागली, बाबा. उद्या आपली माती पुन्हा धाडा. अन् ते खताचं पोतं नका घेऊ, आईचं जुनं लुगडं घ्या वाळवायले."