शिरपती मास्तर आणि पडलेले सतरा गायक

शिरपती मास्तर गाणं ऐकायचे ते परीक्षा घेतल्यासारखं. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसायचे, हाताची घडी घालायचे आणि डोळे मिटायचे. गाणारा केवढाही नावाजलेला असो, मास्तरांच्या मिशीचा केसही हलायचा नाही. मग तिसऱ्या ओळीच्या शेवटी गायकाचा सूर हळूच खाली उतरायचा. मास्तरांचा एक डोळा उघडायचा आणि निकाल जाहीर व्हायचा, “पडला!”

असे एकूण सतरा जण पडले. सगळे इंग्रजीत गाणारे, आणि गाणं सगळ्यांचं एकच.

सांगलीत स्टँडजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं तेव्हाची ही ओळख. आता तिथं मी मोबाईलची कव्हरं विकतो, पण स्टूल तेच आहे. एका भर दुपारी सोनेरी झालरीचा लाल कोट घातलेले, घामानं निथळणारे गृहस्थ आत आले. पलूसच्या बँडचे मास्तर. गाण्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सरळ क्लॅरिनेट काढलं आणि दुकानातच वाजवायला सुरुवात केली. दोन रिक्षा थांबल्या, समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाईकं कप हातात घेऊन रस्त्यावर आली.

मी ऐटीत म्हणालो, “मास्तर, हे तर इंग्रजी गाणं. आहे माझ्याकडे.”

मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. “इंग्रजी? आरं गड्या, ह्ये इटलीचं हाय! इंग्रजांनी उचललंय. दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलायची त्यांची जुनीच सवय.”

मास्तरांचे वडील, म्हणजे आबा, दुसऱ्या महायुद्धात खेचरांच्या तुकडीबरोबर इटलीत गेले होते. बर्फात अडकले तेव्हा एका शेतकऱ्याच्या घरानं त्यांना हिवाळाभर सांभाळलं. त्या घरात रोज संध्याकाळी हे गाणं व्हायचं. आबा परत आले ते एक पत्र्याची पेटी, एक दुखरा गुडघा आणि ही चाल घेऊन. पलूसला त्यांनी बँड काढला, आणि पंचक्रोशीतली प्रत्येक नवरी या इटालियन चालीवर सासरी शिरली.

आबा गेल्यावर मास्तरांना ते गाणं दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, म्हणून ते माझ्याकडे आले. मी पुण्यामुंबईहून कॅसेटी मागवत गेलो. एकानं ते गाणं हुंदके देत गायलं होतं. (“ह्येला कुणी मारलं रं?”) एकानं त्याचा नाच केला होता. (“ह्येची एस्टी सुटाय लागलीया.”) एका बाईंनी तर इतक्या हळू गायलं होतं, की मास्तर मधेच म्हणाले, “दुकानदार, चहा सांग. बाई येत्यात तवर पिऊन घेऊ.” पण नाचरा असो वा रडका, तिसऱ्या ओळीच्या शेवटी प्रत्येकाचा सूर खाली यायचा. आबांची चाल मात्र तिथं झपकन वर जायची.

लोक चेष्टा करायचे. “मास्तर, सतरा जण चुकीचे आणि तुमचा एकटा बाप बरोबर?”

“व्हय,” मास्तर म्हणायचे. “सतरा जणांनी एकाचंच बघून लिवलंय. माझ्या बापानं घरातनं आणलंय.”

आणि पुढे एक भीषण वाक्य जोडायचे. “अस्सल इटलीचं ऐकीन, आन् त्यात सूर खाली गेला, तर ह्ये क्लॅरिनेट कृष्णेत सोडीन. बापाची चूक चाळीस वर्सं वाजवली म्हणून.”

मास्तरांना ओळखणाऱ्याला ही धमकी पोकळ वाटणार नाही. बँडच्या नियमांत ते फार कडक. त्यातला आबांनी घालून दिलेला पहिला नियम असा: नवरी उंबऱ्यावर असताना सूर खाली आणायचा नाही. एकदा एका नवीन, चांगल्या जाडजूड ट्रंपेटवाल्यानं तिथंच सूर सोडला. मास्तरांनी भर दारात बँड थांबवला. “लक्ष्मी घरात येतीया, आन् तू फुग्यातली हवा काढल्यागत काय करतुयास? पुन्हा!” नवरीसुद्धा घाबरून एक पाऊल मागे गेली. मास्तर मला सांगायचे, “म्हणून तर आबांनी उंबऱ्याला हेच गाणं धरलं. ह्येचा सूर तिथं आपसूक वर जातो.”

आता माझा गुन्हा. मोबाईल आले, जग खिशात आलं, आणि एके दिवशी मला ते मूळ इटालियन गाणं सापडलं. दुकानात एकटाच होतो. ऐकलं. तिसरी ओळ आली आणि सूर खाली गेला. अगदी सतरा जणांसारखा.

मी फोन पालथा ठेवला. मास्तर आले की विचारायचे, “मिळालं का रं अस्सल?” मी म्हणायचो, “शोधतोय.” असं मी सात वर्षं शोधत होतो.

गेल्या हिवाळ्यात पलूसच्या माझ्या मित्राचा मुलगा अजिंक्य लग्नाला उभा राहिला. नोकरीला इटलीत, नवरीही तिकडचीच, लुचिया. सोबत तिची ऐंशी पार केलेली आजी. बँड कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती. पत्रिका हातात पडताच मी पलूस गाठलं. मास्तरांना म्हणालो, “या वेळी दुसरं काहीतरी वाजवा. नवीन जमाना आहे.”

“येडा हाईस का? आयुष्यात पहिल्यांदा ह्या गाण्याचं माणूस दारात येतंय!”

वरात दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप, मापापुढे लुचिया, हिरव्या शालूत, पाऊल उचललेलं. मास्तरांनी चाल धरली. पहिल्याच ओळीला मागून एक थरथरता आवाज आला. आजी गात होती! गर्दी दुभंगली. मास्तर आनंदानं लाल झाले, वाजवत वाजवत तिच्याकडे वळले. दुसरी ओळ झाली. तिसरी झाली. मास्तर वर गेले आणि आजी खाली गेली.

दोघंही थांबले. बँड थांबला. हलगीवाल्याचा हात हवेत राहिला.

मास्तर पुटपुटले, “पुन्यांदा म्हणायला सांग तिला.” अजिंक्यनं सांगितलं. आजीनं एकटीनं म्हटलं. सूर खाली गेला. मास्तरांनी क्लॅरिनेटचं तोंड सोडवलं आणि ते कोटाच्या खिशात टाकलं. मला कृष्णेचं पाणी दिसायला लागलं.

“मास्तर,” मी ओरडलो, कारण दुसरं काही सुचेना, “अर्थ तरी विचारा! तिथं ती खाली का जाते?”

अजिंक्यनं आजीला विचारलं. तिनं हात हलवत लांबलचक सांगितलं. तो म्हणाला, “गाण्यातली मुलगी घर सोडून निघून जाते. तिसऱ्या ओळीला ती दारातून बाहेर पडते. म्हणून सूर उतरतो.”

मास्तरांनी उंबऱ्याकडे पाहिलं. मापाकडे पाहिलं. एका पायावर तोल सांभाळत उभ्या असलेल्या लुचियाकडे पाहिलं.

“तिकडं पोरगी जाती,” ते हळू म्हणाले. मग एकदम मांडीवर थाप मारून गरजले, “आन् आमच्या दारात पोरगी येती! आबा चुकलं न्हवतं रं! आबांनी फिरवलं! नवरी उंबऱ्यावर हाय, सूर खाली कसा आणतील?”

अजिंक्यनं हे आजीला समजावलं. ती टाळ्या पिटत हसायला लागली. मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

नवऱ्यामुलाची आई शालनकाकी आतून कळवळल्या, “आवं मास्तर, पोरीचा पाय आखडला की!”

“उचल गं पाय!” मास्तरांनी क्लॅरिनेट जोडलं. पुन्हा पहिल्यापासून. आजी मास्तरांसमोर येऊन उभी राहिली, तिचे डोळे त्यांच्या बोटांवर. तिसऱ्या ओळीला मास्तरांच्या भुवया वर गेल्या, त्यांच्याबरोबर आजीचा आवाज वर गेला, माप लवंडलं, तांदूळ उधळले आणि लुचिया घरात आली. अख्खी गल्ली शिट्ट्या मारत होती. मी रडत होतो, पण रेकॉर्डिंग सोडलं नाही.

चार दिवसांनी मास्तर दुकानात आले. स्टुलावर बसले आणि माझ्याकडे रोखून पाहत राहिले.

“तुला ठावं हुतं.”

“हो.”

“कवापास्नं?”

“सात वर्षं.”

“लय हलकट हाईस,” ते प्रेमानं म्हणाले. “लाव आता. अठरावं.”

मी फोनवर ते रेकॉर्डिंग लावलं. मास्तरांनी हाताची घडी घातली, डोळे मिटले. शालनकाकींची हाक, मग आजीचा कापरा आवाज, मागे क्लॅरिनेट, हलगी. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मास्तरांचा एक डोळा उघडला.

“चढली!”