लेकुरवाळीचे पाय

परवा गावच्या महादेवाच्या देवळात शिरताच ऑइलपेंटचा वास आला. भिंतीवरच्या कोरीव मूर्ती गुलाबी रंगानं माखल्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

निजामाच्या राज्यात मी लहान होते, तेव्हा तहसीलदार येणार म्हणून पाटलांनी या उघड्या अंगाच्या मूर्तींना चुना फासायला लावला. कडेवर बाळ घेतलेली लेकुरवाळीही सुटली नाही. गावातल्या बाळंतिणी तिच्या पायांना तेल लावायच्या. आई करवंटी घेऊन ते पाय खरवडायला बसली.

"लाज वाटत न्हाय?" पाटील गरजले.

"तिची न्हाय वाटत. तुमची वाटती, पाटील."

भीतीनं मी आईला घट्ट धरलं होतं.

परवा देवळाचे विश्वस्त कौतुकानं म्हणाले, "आज्जी, कशी नवी दिसतीय बघा."

मी पायरीवरची फुटक्या नारळाची करवंटी उचलली आणि लेकुरवाळीपाशी बसले.