पाण्यावरची तुटक रेघ

आमच्या घरापुढचा रस्ता खाडीत संपतो. फोनला हे मान्य नाही. पूर्वी तिथे तर होती, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी. ती बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण फोनच्या नकाशात पाण्यावर एक तुटक रेघ अजून आहे. तिच्यावर विश्वास ठेवून, आरे-वारेचे किनारे बघून आलेल्या गाड्या मे महिन्यात आमच्या जांभ्याच्या गडग्यापाशी येऊन थबकतात. काच खाली होते. "काका, गाडी नेणारी बोट इथेच लागते ना?"

मी कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर श्रोते असे दारात चालत येत असतील तर त्यांना कोण सोडतो? "फोन सांगतो म्हणून समुद्रात जाल का?" इथपासून सुरुवात करून मी त्यांना मागे वळवीत असे. एका दिवाळी अंकात यावर लेखही लिहिला. लोकांना आवडला. बायको म्हणाली, "त्यांना नुसतं 'मागे फिरा' सांगितलंत तरी चालेल."

दादा, माझा मोठा भाऊ, तरुणपणी जहाजावर खलाशी म्हणून गेला आणि नॉर्वेच्या एका लहानशा गावात उतरला तो तिथलाच झाला. तिथेच लग्न केलं, तिथेच माशांच्या कारखान्यात नोकरी केली. तो आजारी पडला तेव्हा मी आणि बायकोने व्हिसा काढला. व्हिसा आला आणि चार दिवसांनी दादा गेला. वहिनींनी कळवलं: शुक्रवारी बारा वाजता चर्चमध्ये प्रार्थना, मग दफन, तुमच्यासाठी साडेअकरापर्यंत पेटी उघडी ठेवायला सांगितली आहे. खाली ठिकाण पाठवलं होतं आणि पुढे एक ओळ: बाकी फोन सांगेल.

आईचं वय नव्वदीच्या पुढे. डोळ्यांनी दिसत नाही. तिने वृंदावनातल्या तुळशीची पानं चाचपून खुडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"मुखात घाल त्याच्या. तू घाल. त्या लोकांच्यात कोण घालणार?"

"घालतो."

"जळो ती जहाजं," म्हणाली आणि आत गेली.

मी गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला होता. राखाडी पुस्तिका, अनेक भाषांत मजकूर, वर माझा चोरासारखा फोटो. तिच्याकडे तिथे कुणी ढुंकून बघितलं नाही. विमानतळावर भाड्याची गाडी घेतली, फोनसाठी तिथलं सिमकार्ड घेतलं. फोन अडकवायला गाडीत काही नव्हतं, म्हणून बायकोने तो दोन्ही हातांत धरला. फोनमधली इंग्रजी बाई बोलायची आणि बायको तेच मराठीत सांगायची. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय नसल्याने पहिला तासभर मी जीव मुठीत धरून होतो. मग सरावलो. सरावल्यावर माणूस बोलायला लागतो.

"या देशात शिपाई नाही, पाटी वाचणारा नाही. सगळे हिच्या तालावर. उद्या ही म्हणाली विहिरीत उडी मारा, तर रांग लावून मारतील."

"अहो, पुढे बघा."

दहा वाजता एक फाटा आला. फोनवर पोचण्याची वेळ पावणेअकरा दिसत होती.

"डावीकडे," बायको म्हणाली. "पुढे बोट घ्यायची म्हणतेय."

मी गाडी कडेला घेतली आणि फोन हातात घेतला. डावीकडचा रस्ता दोन-तीन किलोमीटर जाऊन निळ्यात संपत होता. तिथून पलीकडच्या काठापर्यंत तुटक रेघ.

मला हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला सांगू? अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलो तर इथेही माझ्या घरापुढचीच रेघ.

"ही ओळखीची आहे," मी म्हणालो.

"पण इथे असेल बोट."

"अगं, पाव ठेवायलासुद्धा तीन प्रकारच्या पिशव्या असणारा देश आहे हा. खाडीवर पूल नसेल? पुढे असणार."

"मी विचारून येऊ का कुणाला?"

विचारायला तिथे कुणी नव्हतं. चार मेंढ्या होत्या. आणि फाट्यावरच्या पाटीवर बोटीचं चित्रही होतं, हे मला नंतर आठवलं. मी उजवीकडे वळलो.

फोन म्हणाला, मागे वळा. पुढे पुन्हा म्हणाला. रागावला नाही, टोमणा मारला नाही, प्रत्येक वळणावर त्याच सुरात सांगत राहिला. बायको म्हणाली, "आता पोचायची वेळ एक वीस दाखवतेय."

"घाबरवते आहे. पूल आला की खाली येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर ते थांबतील. घरचा माणूस आल्याशिवाय कोण हलवतं?"

हे मी मनापासून म्हणालो होतो. आमच्याकडे थांबतात. वडील गेले तेव्हा मुंबईहून चुलते येईपर्यंत सगळी आळी अंगणात बसून होती. उशीर कोणामुळे झाला हे कुणी विचारत नाही. येणारा येतो, मग उचलतात. जग असंच चालतं, असा माझा समज होता.

पूल आला नाही. रस्ता खाडीच्या काठाकाठाने आत, आणखी आत जात राहिला. साडेदहाच्या सुमाराला एका वळणावर झाडी संपली आणि पलीकडचा काठ दिसला. पांढरं चर्च, लाल छपरांची दहा-बारा घरं, चर्चच्या दारात उभ्या केलेल्या गाड्या. मी खिडक्या मोजू शकलो असतो. मधल्या पाण्यातून एक रुंद बोट सावकाश पलीकडे जात होती. तिच्या पाठीवर मोटारी होत्या, एक दुधाचा टँकर होता.

बायको म्हणाली, "अजून मागे फिरा. अर्ध्या तासात धक्क्यावर पोचू. पुढची बोट मिळेल."

"तिचं वेळापत्रक काय आहे कुणाला माहीत?"

"फोनमध्ये आहे. अर्ध्या अर्ध्या तासाला."

इथे मला वळायला हवं होतं. फाट्यावर चुकलो ते अज्ञानाने. इथे अज्ञान नव्हतं. बोट समोर दिसत होती. पण तीस वर्षं मी बरोबर होतो आणि त्या वळणावर एका यंत्रापुढे चूक ठरणं मला जमलं नाही. "आता एवढं आलोय तर..." असं काहीतरी पुटपुटलो आणि गाडी पुढे काढली. बायको वाक्याचा शेवट ऐकायला थांबली नाही. तिने फोन मांडीवर उपडा ठेवला.

आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. फोनचा अंदाज मिनिटानेही चुकला नव्हता.

माती ओढून झाली होती. लोक पांगले होते. वहिनी एकट्याच उभ्या होत्या, काळ्या कोटात, हातमोजे काढून हातात धरलेले. त्या पुढे आल्या. "आम्ही दहा मिनिटं थांबलो," म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने ते फार होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग त्यांनी विचारलं, "फेरी बंद होती का?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ती फेरी बंद नव्हती, हे त्या गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असणार, वहिनींनाही. बायको दुसरीकडे बघत होती. मी फडकं सोडलं. पानं काळपट झाली होती. ती त्या ओल्या ढिगाऱ्यावर ठेवली आणि उडू नयेत म्हणून वर एक खडा ठेवला.

घरी आलो तेव्हा आई पडवीत बसून होती.

"घातलंस?"

"घातलं."

"तूच ना?"

"मीच."

मला वाटलं, संपलं. मग तिने मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली.

"तोंड मिटलेलं होतं की उघडं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती बॅगेतले कपडे काढत होती, तिचे हात थांबले.

"मिटलेलं," मी म्हणालो.

"मग पान घातलंस कसं?"

पुराव्याची साधनं हाताशी नसताना इतिहास लिहिणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर नापास करत आलो.

"ओठांवर ठेवलं," मी म्हणालो. "दोन पानं. वहिनींनी पाणी सोडलं."

"तिने सोडलं?" आईचा आवाज एकदम हलका झाला. "ऐकलंस गो? तिने सोडलं पाणी. परकी असून." आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता पहिल्यापासून सांग बघू. कसे गेलात?"