वेलीखालचा फुटवा

"वेली पिवळ्या पडाया लागल्यात, येऊन बघ," असा अक्काचा फोन आला आणि २००६ च्या जानेवारीत मी पुण्याहून नाशिकची एसटी धरली. अक्का माझी थोरली बहीण. महाळुंगे पडवळला अर्ध्या एकराची द्राक्षबाग एकटीनं सांभाळते.

तुम्ही जाणार असाल तर खेडच्या घाटासाठी तासभर जादा धरा. वाटेत मंचरला उतरून मिसळ खाल्ली आणि अक्काच्या गावच्या शेअर जीपमध्ये बसलो. दहा रुपयांत अर्धी मांडी टेकायला मिळते. "पावणं, श्वास आत घ्या, अजून दोघं बसत्यात," ड्रायव्हर म्हणाला. बाहेर कांद्याच्या वाफ्यांवर धुकं तरंगत होतं.

बागेत शिरलो तर मांडवाखाली हिरवा उजेड, तळ्याच्या तळाशी असावा तसा. शेवटच्या ओळीशी मात्र तो उजेड पिवळा झाला. दाजींनी वारण्याआधी लावलेली ही ओळ, सात वेलींची.

मणी फुगावेत म्हणून इकडे खोडाच्या सालीची गोल पट्टी काढतात, तांदळाच्या दाण्याएवढी रुंद. पानांनी केलेली साखर सालीतूनच मुळांकडे उतरते. वाट अडली की ती घडांत थांबते. महिन्याभरात साल भरून येते. यंदा नेहमीचा माणूस आला नाही, म्हणून या ओळीवर अक्कानं स्वतःच सुरी चालवली. पट्टी बोटभर रुंद निघाली. महिना उलटला तरी जखम उघडीच होती आणि मुळं उपाशी.

"त्यांनी लावल्या, मी मारल्या," ती म्हणाली.

सहा वेली मलूल होत्या. कोपऱ्यातली सातवी मात्र हिरवीगार. तिच्या बुडाशी, कापाच्या खाली, हातभर फुटवा वाढून म्हसोबाच्या शेंदरी दगडावर टेकला होता.

"हा कसा राहिला?"

"देवावर टेकलाय. खुडाया हात न्हाई धजला. बाकीचं लई फुटत व्हतं, मी दर सोमवारी कोंब बोटानं पुसून काढते."

मला गावच्या शाळेतली जास्वंद आठवली. मास्तरांनी तिची साल अशीच सोलून दाखवली होती. शेंड्याकडून सालीतून एक निरोप सतत खाली येत असतो, खालच्या डोळ्यांनी, म्हणजे न फुटलेल्या कोंबांनी, थांबावं असा. पुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात. कापानं साखर अडली, तसा तो निरोपही तुटला. म्हणून खालचे डोळे जागे होत होते. त्यांचीच पानं मुळांना जेवू घालणार होती. अक्का नेटकेपणानं ती पुसत होती.

हे सांगितल्यावर तिनं त्या फुटव्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी मी आळशी असते तर वाचल्या असत्या."

ओल टिकून साल भरावी म्हणून आम्ही कापांवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली. फुटव्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. निघताना दगडापुढं दोघांनी हात जोडले.

चैत्रात तिचा फोन आला. पाच जगल्या, दोन गेल्या. कोपऱ्यातल्या वेलीची साल भरून आली, बोटाला उंचवटा लागतो म्हणाली.

घरी अंगणात कढीपत्ता आहे. बुडाशी फुटवा दिसला की अजूनही हात आपोआप जातो. खुडण्याआधी आता मी एकदा वर, शेंडा हिरवा आहे ना, ते बघून घेतो.