खंडेनवमीचा मायक्रोस्कोप

मध्यभारत संपून मध्यप्रदेश व्हायचं घाटत होतं, त्या वर्षी मी फ्रीगंजमधल्या एका डॉक्टरांच्या तपासणीखोलीत कामाला होते. इंटर सायन्स झालेली मुलगी, म्हणजे स्वतःला अर्धी डॉक्टरच समजत होते. डॉक्टरांनी नुकताच जर्मन मायक्रोस्कोप आणला होता. त्यात डोळा घातला की टावर चौकातला गलबला कुठेतरी लांब विरून जायचा आणि समोर नुसती निळाई पसरायची, पहाटेच्या शिप्रेवर असते तशी. किती वेळ गेला ते कळायचंच नाही. डॉक्टर म्हणायचे, "बाई, काम करो, सपने मत देखो."

आमच्या घरात खंडेनवमीला दौत-लेखणी पुजायची रीत. माझी लेखणी म्हणजे हा मायक्रोस्कोप. डॉक्टर दसऱ्यासाठी इंदूरला गेले होते, तेव्हा टेबल पुसून मी सगळं मांडलं. काचपट्ट्या, रंगाच्या बाटल्या, भिंगाखाली थेंबभर घालायच्या तेलाची उघडी कुपी. एकूण एक वस्तूला हळदकुंकू वाहिलं, अगदी सढळ हातानं. हात जोडताना माझे डोळे भरून आले होते, हे आज सांगायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दसरा. वहिनीला महिनाभर खोकला होता. दादा बदली होऊन नव्या राजधानीला, भोपाळला पुढे गेला होता, आणि बाळ जेमतेम चार महिन्यांचं. मी तिचा बेडका घेऊन गेले, काचपट्टीवर पसरून रंगवला, तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला. क्षयाचे जंतू निळ्यावर लाल दिसतात, एवढं मला पाठ होतं. निळ्या आभाळात लाल ठिपके तरंगत होते. सुंदर दिसत होते, खोटं कशाला सांगू. मग एकदम आठवलं, पट्टी वहिनीची होती.

डॉक्टरांची वाट बघायला हवी होती. पण मला कुठला धीर! घरी जाऊन मी सांगून टाकलं. आईनं त्याच क्षणी वहिनीच्या मांडीवरून बाळ उचललं. बाळ माझ्या आईबरोबर भोपाळला जाणार आणि वहिनी तिच्या माहेरी मागच्या खोलीत राहणार, असं संध्याकाळपर्यंत ठरूनही गेलं. वहिनीनं एवढंच विचारलं, "वन्सं, पक्कं ना?"

"पक्कं," मी म्हटलं.

निघायची तयारी होईपर्यंत आठ दिवस बाळ पलीकडच्या खोलीत बाटलीनं दूध प्यायलं. ते रडलं की अलीकडे वहिनीचं पोलकं भिजायचं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मी घरात असूनही तिच्यासमोर जायचं टाळत होते.

डॉक्टर परतल्यावर मी ती काचपट्टी पुढे केली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग एक कोरी पट्टी घेतली, तिच्यावर कुपीतल्या तेलाचा थेंब सोडला आणि म्हणाले, "अब देखो."

कोऱ्या काचेलाही क्षय झाला होता.

त्यांनी कुपी उजेडात धरली. तेलात माझं कुंकू तरंगत होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नवं तेल काढलं आणि वहिनीचा नवा बेडका मागवून स्वतः तपासला. स्वच्छ होता. खोकला साधा होता, काढ्यानं जाणारा.

मी टांगा करून घरी आले आणि उंबऱ्यातूनच ओरडून सांगितलं. आई बाळ घेऊन धावत आली. वहिनीनं मात्र दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"अगं, घे ना. काही नाही तुला."

"तेव्हाही तुम्ही पक्कं म्हणाला होता, वन्सं. एक बार अजून बघून या ना."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तिसऱ्या दिवशीही. दोन्ही वेळा डॉक्टरांनी निकालाच्या चिठ्ठीवर सही केली. तिसऱ्या दिवशीची चिठ्ठी वहिनीनं दोनदा वाचली, उशीखाली ठेवली, हात धुतले आणि बाळाला छातीशी घेतलं.

बाळानं तोंड फिरवलं. तिनं पुन्हा जवळ घेतलं, तसं ते पाय झाडून बाटलीसाठी रडायला लागलं. थोड्या वेळानं वहिनीनं पदर सारखा केला, आईकडून बाटली मागून घेतली आणि तीच पाजत बसली.